गोठलेलें पाणी आणि मराठी वाचक

इंग्रजी वाङ्मयाचें अध्ययन आपल्याकडे सुरू होऊन दीड शतकाहून अधिक काळ लोटला. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें. आमच्या मराठवाड्याला स्वतःचें विद्यापीठ मिळण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. एवढ्या काळांत शेक्सपियरचीं नाटकें आपण आपलींशीं करून घेतलीं, वर्डस्वर्थचीं फुलें आपल्या पाठ्यपुस्तकांत नांदूं लागलीं, आणि डिकन्सचीं पात्रें शेजाऱ्यांइतकीं ओळखीचीं झालीं. परंतु या परिचयांत कांहीं कोपरे असे राहून गेले आहेत, कीं त्यांवरून आपण डोळे झांकून पुढें जातों, आणि पुढें गेलों याची जाणीवही आपल्याला होत नाहीं. गोठलेल्या पाण्यावरचा खेळ हा त्यांपैकीं एक कोपरा होय. व्हिक्टोरिया राणीच्या काळचें इंग्रजी वाङ्मय व तत्कालीन वृत्तान्त वाचणाऱ्याला हा खेळ वारंवार भेटतो. शहरांतील तळें गोठतें, लोक पायांना पोलादी पातीं बांधतात, आणि कालपर्यंत जेथें नावा चालत होत्या तेथें आज माणसें धांवूं लागतात. मराठी विद्यार्थी हा मजकूर वाचतो, स्केटिंग म्हणजे ‘बर्फावर घसरण्याचा खेळ’ एवढी टीप लिहून घेतो, आणि पान उलटतो. या पान उलटण्यांत काय गमावलें जातें, तें पाहण्याचा आमचा विचार आहे.

कोणी विचारील, छत्रपति संभाजीनगरांत बसून लंडनच्या बर्फाची ही उठाठेव कशासाठीं? औरंगाबाद या नांवानें हें शहर ओळखलें जात होतें तेव्हांही, आणि त्यापूर्वीं तें खडकी होतें तेव्हांही, येथील पाणी कधीं गोठलें नाहीं. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं जमिनीखालून खेळविलेलें नहरीचें पाणी असो, कीं पाणचक्कीच्या हौदांतलें पाणी असो, तें आटेल, गढूळ होईल, पण दगडासारखें होणार नाहीं. आमच्या घरांत हिवाळ्यांत गोठतें तें एक खोबरेल तेल! ही शंका थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. तिच्या मुळाशीं वाङ्मयविचारांतील एक जुना व अवघड प्रश्न आहे: जी वस्तु वाचकाच्या इंद्रियांनीं कधीं अनुभविली नाहीं, तिच्या वर्णनांतून त्याला रसप्रतीति कशी व्हावी?

प्रथम शब्दाचाच विचार करूं. मराठींत ‘घसरणें’ हें क्रियापद बहुधा दोषवाचक आहे. पाय घसरतो तो शेवाळावर, चिखलांत किंवा नीतीच्या मार्गावर. जीभ घसरते, भाव घसरतात, गाडी रुळावरून घसरते. जेथें घसरलें तेथें बिघडलें, असा आपल्या भाषेचा निकाल आहे. त्यामुळें ‘बर्फावर घसरण्याचा खेळ’ म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढें गंमत म्हणून पडणारीं माणसें उभीं राहतात. वस्तुतः हा खेळ पडण्याचा नसून तोल राखण्याचा आहे. लांकडी तळव्यांत बसविलेलें अरुंद पोलादी पातें चामडी पट्ट्यांनीं बुटाला आवळावयाचें, एका पायानें रेटा देऊन दुसऱ्यावर शरीराचा सर्व भार सोंपवावयाचा, आणि त्या एका रेषेवरून पक्ष्यानें पंख न हलवितां तरंगावें तसें पुढें जावयाचें, ही एक साध्य करावी लागणारी विद्या आहे. इंग्रजींत तिला स्वतंत्र शब्द आहे. आणि पातीं न बांधतां बुटांनिशीं बर्फावर घसरत जाणें या पोरखेळाला वेगळा शब्द आहे. मराठींत दोहोंना एकच शब्द. येथेंच घोटाळा होतो.

हा घोटाळा किती महाग पडतो तें डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरींत पाहावें. ती १८३६-३७ सालीं मासिक अंकांच्या रूपानें निघाली. नाताळासाठीं डिंग्ली डेल येथें जमलेली मंडळी जेवणानंतर गोठलेल्या तळ्यावर जातात. विंकल हे गृहस्थ खेळाडू व शिकारी म्हणून मिरविणारे. स्केटिंग येतें ना, असें कोणी विचारतांच त्यांच्या तोंडून ‘नाहीं’ निघत नाहीं. सवय राहिली नाहीं, एवढेंच ते पुटपुटतात. पुढें सॅम वेलर या नोकराच्या खांद्याला लटकणारे विंकल, त्यांचें भरकटणें आणि दुसऱ्या खेळाडूवर जाऊन आदळणें हा सगळा विनोद आपल्या विद्यार्थ्याला समजतो, कारण पडणारा माणूस पाहून हंसूं येण्यास भाषेची जरूर लागत नाहीं. पण प्रकरणाचें मर्म यानंतर आहे. पिकविकसाहेब विंकलला बाजूला घेऊन ढोंगी ठरवितात व त्याच्या पायांतलीं पातीं काढवितात. मग सॅम व इतर मंडळी नुसत्या बुटांनीं बर्फाच्या एका गुळगुळीत पट्ट्यावरून घसरण्याचा खेळ मांडतात, आणि खुद्द पिकविकसाहेब त्या वयांत, त्या देहाकृतीनिशीं, त्यांत सामील होतात. शेवटीं बर्फ फुटतो आणि ते पाण्यांत जातात.

दोन खेळांसाठीं एकच शब्द वापरणाऱ्याला हीं दोन्ही पतनें सारखीं वाटतील. डिकन्सला तीं विरुद्ध वाटतात. विंकल पडतो तो विद्येचा आव आणल्यामुळें. पिकविक पडतात ते कसलाही आव न आणतां. म्हणून विंकलच्या पडण्यानें त्याची प्रतिष्ठा जाते, आणि पिकविक बर्फाखालीं गेले तरी आपल्या मनांतील त्यांचें स्थान तसूभरही खालीं येत नाहीं. उलट ते अधिकच लोभस होतात. डिकन्सच्या विनोदाला अतिशयोक्तीचा दोष नेहमीं दिला जातो, व पुष्कळ ठिकाणीं तो खराही आहे. परंतु या प्रकरणांत हास्याच्या पोटांत माणसांची इतकी बारीक पारख आहे, कीं आम्ही त्याला त्याच्या उत्कृष्ट प्रकरणांत गणतों.

या हास्याच्या खालीं आणखी एक थर आहे, आणि तो अक्षरशः खालीं आहे. चार अंश सेंटिग्रेडच्या सुमारास पाणी सर्वांत जड असतें; त्याहून थंड झालेलें पाणी हलकें होऊन वर राहतें व तेंच आधीं गोठतें. म्हणून तळें वरून कठीण होतें आणि तळाशीं द्रवच राहतें. बर्फाच्या पृष्ठावरही पाण्याचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा असतो, अशी कल्पना फॅरडे या शास्त्रज्ञानें १८५० सालीं मांडली, व पुढील संशोधनानें ती उचलून धरली. सारांश, खेळणाऱ्याला वाहून नेतें तें पाणी आणि गिळूं शकतें तेंही पाणी. मधला बर्फ ही दोघांमधील चार दिवसांची तडजोड आहे.

व्हिक्टोरियाकालीन लंडनला हें पुस्तकांतून शिकावें लागत नव्हतें. त्या काळीं लोक थेम्स नदीवर खेळत असत अशी आपल्याकडे समजूत आढळते. ती बरोबर नाहीं. लंडन शहरांत थेम्सवर भरलेली बर्फावरची शेवटची जत्रा १८१४ सालच्या फेब्रुवारींतली. लंडनच्या जुन्या पुलाच्या अरुंद कमानी प्रवाह अडवून धरीत. १८३१ सालीं नवा पूल खुला झाला व जुना पाडला गेला, पुढें बांध घालून पात्र आवळलें, आणि वेगानें वाहणारी ती नदी शहरांत पुन्हां तशी गोठली नाहीं. त्यानंतरचा खेळ चालला तो हाइड पार्कमधील सर्पेंटाइन, रीजंट्स पार्कचें तळें अशा मनुष्यनिर्मित जलाशयांवर. राणीच्या यजमानांनाही यांतून सुटका नव्हती: १८४१ सालच्या फेब्रुवारींत राजवाड्याच्या बागेंतील तळ्यावर बर्फ फुटून प्रिन्स अल्बर्ट पाण्यांत पडले, आणि कांठावरून राणीनें स्वतः हात देऊन त्यांना वर येण्यास साहाय्य केलें. १८६७ सालच्या जानेवारीच्या १५ तारखेला मात्र रीजंट्स पार्कमधील बर्फ सुमारें दोनशें माणसांखालीं एकदम फुटला आणि चाळीस जणांचा प्राण गेला. तेथें पाणी बारा फूट खोल होतें. पुढें तळें भरून काढून त्याची खोली चार फुटांवर आणण्यांत आली. डिकन्सनें पिकविकला बुडविलें तें तळें पांच फुटांहून खोल नव्हतें, ही माहिती तो ज्या घाईनें देतो, तिचा अर्थ आतां ध्यानांत यावा. विनोदाला किती खोल पाणी सोसतें याचें तें अचूक माप आहे.

दुसरें उदाहरण वर्डस्वर्थचें. त्याचें ‘प्रेल्यूड’ हें आत्मचरित्रात्मक काव्य त्याच्या मृत्यूनंतर, १८५० सालीं, प्रसिद्ध झालें. त्याच्या पहिल्या सर्गांत लहानपणीं गांवच्या गोठलेल्या सरोवरावर खेळल्याची आठवण आहे. हें वर्णन वर्गांत ‘निसर्गवर्णन’ म्हणून शिकविलें जातें. आमच्या मतें तें निसर्गाचें वर्णन कमी आणि वेगाचें वर्णन अधिक आहे. मुलांचा घोळका शिकारी कुत्र्यांसारखा धांवत असतां कवि त्यांतून एकटा बाजूला जातो, भरधांव असतांना टांचांवर मागें रेलून एकाएकीं थांबतो. आणि तो थांबला तरी भोंवतालचे कडे फिरतच राहतात, जणूं पृथ्वीचें परिभ्रमण डोळ्यांना दिसावें. ज्यानें बर्फ पाहिला नाहीं त्याला हें परकें वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या मंगळागौरीला फुगडी खेळून थांबलेल्या कोणत्याही मुलीला विचारा. घर, समया, बसलेल्या बायका तिच्याभोंवतीं फिरत असतात. शरीराचा अनुभव एकच आहे. पण फरकही तितकाच अर्थपूर्ण आहे. फुगडी दोघींची असते. हात सुटला तर खेळ संपतो. वर्डस्वर्थला मात्र तो अनुभव येण्यासाठीं सवंगड्यांपासून दूर जावें लागतें. एकांतांतून विश्वाचा प्रत्यय हा त्याच्या सर्व काव्याचा स्वभाव त्या एका थांबण्यांत सांठला आहे. फुगडीची तुलना अर्थ जवळ आणते, आणि जेथें ती तुटते तेथें कवीचें वेगळेपण दाखवून देते. आमच्या मतें परकीय वाङ्मयाच्या अध्यापनांत तुलनेचा खरा उपयोग हाच होय.

येथें संस्कृताभिमानी वाचक म्हणतील, कीं हिमाचें वर्णन आम्हांला इंग्रजांनीं शिकविलें नाहीं. तें खरेंच आहे. ‘कुमारसंभवा’च्या आरंभीं कालिदासानें हिमालयाचें जें चित्र काढलें आहे, त्यांत हिम हा त्या पर्वताचा एकुलता दोष म्हणून येतो, आणि अनंत गुणांत तो बुडून जातो. पुढें दगडासारख्या झालेल्या हिमाच्या वाटेवर किन्नरस्त्रियांच्या पायांना वेदना होतात, तरी देहभारामुळें त्यांची मंद गति सुटत नाहीं. या श्लोकाशेजारीं इंग्रजी कवीचें सरोवर ठेवावें. एकाच्या दृष्टीनें गोठलेलें पाणी म्हणजे शिळा: बोचणारी, स्थिर, त्यावरची चाल संथ. दुसऱ्याच्या दृष्टीनें तेंच पाणी म्हणजे वेगाचें साधन. आलंकारिकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर उद्दीपनविभाव एकच, पण त्यानें उद्दीपित होणारा भाव निराळा. साधारणीकरणानें सर्व परकेपण आपोआप वितळून जातें, असें मानणाऱ्यांनीं हा भेद लक्षांत घ्यावा. विभावाचें ज्ञान असेल तर साधारणीकरण होईल. ज्ञानाच्या अभावीं होतो तो केवळ सोयीचा गैरसमज.

परंतु ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष दर्शनच असा आग्रह धरणें हीही दुसऱ्या टोकाची चूक होय. हॉलंडांतील गोठलेल्या कालव्यांवरच्या शर्यतीची ‘हान्स ब्रिंकर’ ही कथा १८६५ सालीं प्रसिद्ध झाली आणि जगभर मुलांच्या हातीं गेली. ती लिहिणारी मेरी मेप्स डॉज ही अमेरिकन बाई होती. ग्रंथ लिहीपर्यंत तिनें हॉलंड पाहिलेंही नव्हतें. पुस्तकें आणि डच शेजारी यांकडून तिनें तो देश मिळविला. लिहिणाऱ्याला जें साधलें, तें वाचणाऱ्याला कां साधूं नये?

आतां एका महत्त्वाच्या अंगाकडे वळूं. शहरांतील गोठलेला जलाशय हा त्या समाजांत एक विलक्षण सार्वजनिक पट होता. जमिनीवर ज्यांच्या वाटा वेगळ्या होत्या ते सरदार, कारकून, दुकानदार, दाई-मुलें आणि उपवर कन्या तेथें एका तळ्यावर उतरत. पण ही समता पुरती नव्हती. बर्फ झाडणारे आणि भाड्यानें पातीं देणारे गरीब लोक त्याच बर्फावर पोट भरीत. केंब्रिजच्या आसपासच्या पाणथळ प्रदेशांत जमीन गोठली कीं शेतमजुरांचें काम बंद पडे, आणि तेच मजूर पैशासाठीं, पाव-मांसाच्या बक्षिसासाठीं शर्यती धांवत. तेथील नामांकित धांवपटू त्यांतूनच निघाले. १८७९ सालीं केंब्रिज येथें या खेळाची राष्ट्रीय संस्था निघाली, ती या पार्श्वभूमीवर. एकाचा खेळ तो दुसऱ्याचा उपासमारीचा हंगाम, ही गोष्ट व्हिक्टोरियाकालीन चित्रांच्या गुलाबी रंगांत सहसा दिसत नाहीं, म्हणून टीकाकारानें ती सांगावयास हवी.

या पटाला मराठी जीवनांत तुल्य असें कांहीं आहे काय? आमच्या मतें आहे, आणि तें म्हणजे चंद्रभागेचें वाळवंट. नदी ओसरते, तिच्याच पात्रांत भूमि उघडी पडते, आणि गांवांत ज्यांचीं घरें दूर दूर असतात ते त्या वाळूवर एकत्र नाचतात. संतांनीं या वाळवंटांतील खेळाचीं वर्णनें केलीं आहेत. ज्यांना देवळांत प्रवेश नव्हता त्यांनाही वाळवंट बंद नव्हतें. पंढरपूरचें देऊळ सर्वांना खुलें होण्यास साने गुरुजींचें उपोषण आणि १९४७ साल यावें लागलें. ज्या देशांत सार्वजनिक तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं १९२७ सालीं महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या देशांतील वाचकाला जलाशयावर सर्वांनीं एकत्र येणें म्हणजे काय, हें कोणी शिकवावयास नको. तो अर्थ कदाचित् इंग्रज वाचकापेक्षांही त्याला अधिक तीव्रतेनें कळेल. मात्र येथेंही तुलना एका जागीं तुटते. वाळू पायाखालीं दगा देत नाहीं, बर्फ देतो. आपल्याला सर्वांची भूमि ठाऊक आहे; ती कोणत्याही क्षणीं फुटूं शकते, ही धास्ती मात्र वाचनानेंच मिळवावी लागेल.

मराठी माणूस या हिमप्रदेशांत त्या काळीं गेलाच नाहीं असें नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं फिलाडेल्फियास गेल्या व १८८६ सालीं वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्याच शहरांत १८४९ पासून स्केटिंगचें एक मंडळ होतें. पुढें बुडणाऱ्यांस वांचविणाऱ्या संस्थेशीं तें एक झालें, आणि खेळतांना प्रत्येक सभासदानें जवळ दोरीचें रीळ बाळगावें असा त्याचा दंडक होता. शहरांतील लोकांना जी थंडी खेळावयास बोलावीत होती, तिनें आनंदीबाईंची प्रकृति खचविली; १८८७ सालच्या फेब्रुवारींत त्या पुण्यास निवर्तल्या. एका नदीकांठचे हे दोन हिवाळे शेजारीं ठेवून कोणी मराठी लेखकानें लिहावें, असें आम्हांला फार वाटतें. तें अनुकरण होणार नाहीं. तें आपलेंच असेल.

अनुकरणाचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट सांगणें भाग आहे. मराठी कवितेंत अधूनमधून जो हिमवर्षाव होतो, तो बहुतेक उसना असतो. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील तळ्यांचा बर्फ कापून, भुश्शांत बांधून, जहाजांनीं कलकत्ता, मद्रास व मुंबई येथें आणीत. थोरोनें ‘वॉल्डन’ या १८५४ सालच्या ग्रंथांत आपल्या तळ्यावरील बर्फ कापणारे मजूर पाहून, त्या पाण्याची गंगाजळाशीं भेट घडेल असें कौतुकानें लिहिलें आहे. आणि तो भगवद्गीतेचा वाचक होता. तो बर्फ आपल्यापर्यंत आला तो सरबतांत घालण्याचा जिन्नस म्हणून. जिभेला त्याची ओळख झाली, पावलांना नाहीं. काव्यांतही तसेंच झालें: हिमाचा शब्द आला, त्यावर उभें राहण्याचा अनुभव आला नाहीं. असा शब्द कवितेंत घातला कीं तो थोड्याच वेळांत विरघळतो आणि मागें ओल तेवढी उरते.

तर मग अध्यापकानें करावें काय? प्रकरण गाळावें हें सोपें. ‘एक खेळ’ म्हणून टीप द्यावी हें त्याहून सोपें. आम्हांला दोन्ही मार्ग अप्रामाणिक वाटतात, कारण दोहोंतही न समजलेलें समजलें असा देखावा होतो, आणि विंकलच्या पंक्तीला आपण नकळत जाऊन बसतों. तिसरा मार्ग कष्टाचा आहे. पातें कसें असतें, पाणी वरून कां गोठतें, तळें किती खोल होतें, त्यावर कोण खेळे व कोण झाडी, हें सांगावें. मग फुगडीचा, वाळवंटाचा हात धरून विद्यार्थ्याला कांठापर्यंत न्यावें. आणि जेथें तुलना संपते तेथें ती संपली असें सांगावें. एवढें केल्यावर उरलेला मार्ग कवि स्वतः दाखवितो.

या मार्गाची जरूर आतां आपल्यापुरतीच राहिलेली नाहीं. हॉलंडच्या उत्तरेस अकरा शहरांना जोडणाऱ्या गोठलेल्या कालव्यांवरून सुमारें दोनशें किलोमीटरांची एक प्रसिद्ध शर्यत १९०९ पासून होत आली. १९९७ नंतर ती एकदांही झालेली नाहीं, कारण तितका भक्कम बर्फ धरलाच नाहीं. हिवाळे ऊबदार होत आहेत. लंडनमधील आजच्या मुलालाही उद्यानांतील तळें माणसांचा भार पेलील इतकें गोठलेलें पाहण्याचा योग क्वचितच येतो. ज्या वाचकांना हें दृश्य जन्मतः मिळालेलें होतें, त्यांनाही तें यापुढें आपल्यासारखेंच ग्रंथांतून, माहितींतून आणि कल्पनेच्या श्रमांतून मिळवावें लागेल. जें कधीं आपलें नव्हतें तें समजून घेऊन वाचण्याची संवय मराठी वाचकाला दीड शतकाची आहे. ती टिपांच्या वह्यांत कोंडून न ठेवतां नीट जोपासली, तर या बाबतींत आपण कोणाच्या मागें राहण्याचें कारण नाहीं.